इनामदारकाकांच्या शेजारची खुर्ची

गाणं ऐकायला कुणी अकोल्याहून पुण्याला जातं का, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारून झालं. मी शाळेत भूगोल शिकवते. पुणं कुठं आहे ते मला ठाऊक आहे, एवढंच उत्तर मी दिलं. पण मनातून मी घाबरलेली होते. आयुष्यात पहिल्यांदाच घर सोडून एकटी निघाले होते, आणि ज्या माणसांना भेटायला निघाले होते त्यांच्यापैकी एकालाही मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

आमचा फोनवर एक ग्रुप आहे, एका गायिकेवर जीव टाकणाऱ्या लोकांचा. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणतो, इथंही तसंच म्हणते. बाईंचं वय झालं, मधे मोठं आजारपण झालं आणि गाणं थांबलं. अशात कळलं की एका रविवारी सकाळी त्या पुण्यात गाणार आहेत. ही शेवटचीच मैफल असेल असं ग्रुपवर कुणी लिहिलं नाही, पण ज्याला त्याला रजा टाकायची घाई झाली.

ग्रुपवर कुणी बाईंचं जुनं रेकॉर्डिंग टाकलं की बाकीचे आपण प्रत्यक्ष ऐकलेल्या मैफलींच्या आठवणी लिहितात. यात यासीन इनामदार या पुण्याच्या काकांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कसबा पेठेत त्यांचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान. तरुणपणापासून बाईंची पुण्यातली एकही मैफल त्यांनी सोडलेली नाही. एकदा ऐन ख्यालात वीज गेली आणि माइक बंद पडला, तेव्हा बाईंनी श्रोत्यांना पुढं सरकायला सांगितलं. मागच्या रांगेतली माणसं चपला हातात घेऊन मंचाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. एका गृहस्थांना खोकला आला तर त्यांनी तोंडात उपरण्याचा बोळा धरला, पण उठले नाहीत. हे काकांनी लिहिलेलं मी अकोल्यात रात्रीच्या भाकरी थापता थापता वाचलं होतं आणि तव्यावरची भाकरी करपली होती.

त्यांनीच मला लिहिलं होतं, "शैलाताई, आपण याच. डाव्या बाजूच्या खांबाजवळ बसू. तिथं आवाज खरा पोचतो. आपली खुर्ची धरून ठेवतो." त्या वाक्यावर मी गाडीचं तिकीट काढलं. आणि मी तिकीट काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून काका गप्प झाले. निरोप जात होते, पण वाचले जात नव्हते. फोन लावला की तो कट व्हायचा. तसा तो पूर्वीही व्हायचा. दुकानात गर्दी आहे, लिहून कळवा, असा मग त्यांचा निरोप यायचा. आता लिहूनही काही येत नव्हतं.

शनिवार, कोथरूड

कोथरूडला माझी मावसबहीण नीता राहते. तिच्या सोसायटीच्या जिन्यात इतक्या सूचना लावलेल्या आहेत की वाचत वर जावं तर दम लागत नाही. नीतानं आमटी-भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असं साधं जेवण केलं होतं. आमटीत गूळ होता. आमच्याकडे वरणात गूळ घातला तर पाहुणा समजेल की घरात मिरची संपली. मी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली, तेव्हा नीता म्हणाली की आणलीसच का, आमच्याकडे पाण्याची टंचाई आहे.

जेवणात माझं लक्ष नव्हतं. ताटाशेजारी फोन ठेवून मी सारखी बघत होते. काका सत्तरीचे. एकटे राहतात की घरी कुणी आहे, हेही मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या माणसाशी रोज बोलले आणि त्याच्या घरी कोण आहे हे कधी विचारलं नाही, याची मला त्या दिवशी लाज वाटली. नीता म्हणाली की फोन बंद पडला म्हणजे माणूस बंद पडला असं होत नाही. हे तिनं धीर द्यायला म्हटलं, पण मी ताट तसंच ठेवून परत काकांना फोन लावला.

दुपारी निखिल आला. हा ग्रुपमधला सगळ्यात तरुण, मूळचा चंद्रपूरचा, वाघोलीला राहतो आणि आयटीत नोकरी करतो. मैफलीची तिकिटं त्यानंच काढली होती. मी खाली गेले तर गाडीवर बसलेला, हेल्मेट हातात, चेहरा उतरलेला.

"ताई, मला लिटरली टेन्शन आलंय," तो म्हणाला. "काकांच्या दुकानात जाऊन बघू या का?"

मला कुणीतरी हेच म्हणायला हवं होतं. अनोळखी मुलाच्या मागं गाडीवर बसण्याचीही मला भीतीच वाटली असती, पण त्या दिवशी भीतीचा नंबर लागायला आधीच रांग होती. हेल्मेट इतकं सैल होतं की प्रत्येक ब्रेकला ते माझ्या नाकावर येई. पुण्यातले दुचाकीवाले समोर बघत नाहीत, आपल्याला जिकडं जायचं आहे तिकडं बघतात. नदी ओलांडेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते.

कसबा पेठ

गाडी एका बाजूला लावून आम्ही बोळांत शिरलो. जुनी देवळं, त्यांच्या अंगाला चिकटलेली दुकानं, मधूनच एखादी नवी काचेची इमारत, आणि चालणाऱ्याकडे हॉर्ननं वाट मागत जाणाऱ्या रिक्षा. आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो, वर जेवण झालं का विचारतो. इथं एका पानवाल्यानं मला बोटानं पाटी दाखवली आणि परत कात लावायला घेतला. पाटीवर बाण होता, हे मात्र खरं.

त्या बाणाच्या वाटेवरच माझ्या सँडलचा पट्टा तुटला. मी एक पाय घासत चालत होते आणि हा अपशकुन आहे असं काहीबाही मनात येत होतं. अखेर दुकान सापडलं. 'इनामदार फ्रेम्स' अशी जुनी पाटी, आणि शटर खाली ओढलेलं. शटरवर धूळ बसली होती.

शेजारी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यातले गृहस्थ आमच्याकडे बघत होते.

"इनामदारांचं दुकान कधी उघडतं हो?" निखिलनं विचारलं.

"उघडलं की."

निखिलनं सांगितलं की आम्ही काकांचे मित्र आहोत. गृहस्थ म्हणाले की मित्र असाल तर तुम्हाला ठाऊक असायला हवं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या सँडलकडे गेली, आणि मी अकोल्याहून आल्याचं कळल्यावर ते जरा नरमले. दुकान वर्षभर बंदच आहे, इनामदार वरच्या मजल्यावर राहतात, घरी मुलगा आणि सून आहे, असं त्यांनी सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. काका जिवंत होते.

"जा वर," ते म्हणाले. "फक्त जिन्यातून हाका मारू नका. त्यांना ऐकू येत नाही."

मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, गाण्याची आवड असलेले इनामदार, यासीन इनामदार. ते म्हणाले, "तेच. आजारपणात कान गेले त्यांचे. चार वर्षं झाली असतील."

निखिल आणि मी एकमेकांकडे बघत उभे राहिलो. या चार वर्षांत काकांनी ग्रुपवर किती लिहिलं होतं. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली पहिली दाद त्यांचीच असायची. मग निखिलच हळूच म्हणाला की एकदा त्यानं चुकून तोडी रागाच्या नावाखाली भलतंच रेकॉर्डिंग टाकलं होतं. सगळे त्याला हसले होते, आणि काकांनी मात्र तोडीवर सुंदर आठवण लिहिली होती. तेव्हा वाटलं, काकांनी मोठ्या मनानं चूक पोटात घातली.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. रुबीना तिचं नाव. आम्ही कोण ते सांगायच्या आतच आतल्या खोलीच्या दारात एक उंच, बारीक म्हातारे गृहस्थ दिसले. पांढरी दाढी, झब्बा, डोळ्यांवर चष्मा. निखिलचा फोटो त्यांनी ग्रुपवर पाहिला होता, त्यामुळे ते समजले. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रुबीनानं आम्हाला बसवलं, माझ्या पायाकडे बघून स्वतःच्या चपला आणून दिल्या, चहा आणि घरची नानकटाई समोर ठेवली. कुणाच्या घरी न सांगता आलोय, त्या माणसाला दुखावलंय, आणि वर त्याच्या घरची नानकटाई खातोय, या विचारानं मी हातातली अर्धी परत बशीत ठेवली. ती सांगत होती ते असं. तापाच्या आजारात आधी एक कान गेला, मग हळूहळू दुसरा. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. शांत खोलीत समोरून बोललं तर त्यात थोडं कळतं. पण अब्बांनी मशीन आणलं त्या दिवशी पहिल्यांदा बाईंचं रेकॉर्डिंग लावलं, आणि ते म्हणे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ऐकू आलं. तेव्हापासून मशीन कपाटात आहे. ग्रुपवर कुणी काही टाकलं की ते नाव वाचतात आणि डोळे मिटून बसतात. मग लिहितात.

"तुमी येणार म्हणून कळलं तेव्हापासून जेवण तुटलंय त्यांचं," ती म्हणाली. "फोन माझ्याकडंच देऊन टाकलाय."

मी उठले, निघू या म्हटलं. तेवढ्यात दार उघडलं आणि काका बाहेर येऊन आमच्यासमोर बसले. निखिलनं फोन काढला. त्यात आपण बोललं की अक्षरं उमटतात. तो मधे टेबलावर ठेवून आम्ही बोलू लागलो. यंत्र 'बाई'ला 'भाई' करत होतं आणि 'तानपुरा'ची त्यानं 'तान पुरी' केली. काकांना ती चूक दुरुस्त करावीशी वाटत होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ते मोठ्यानं आणि एकाच पट्टीत बोलत. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी आमची माफी मागितली. ग्रुपवर सांगितलं असतं तर सगळे सांत्वन करत बसले असते आणि कुणी परत गाण्याविषयी बोललं नसतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, उद्या चला. तुम्ही नसाल तर मी त्या खांबाजवळ कुणाच्या शेजारी बसू?

काकांनी अक्षरं वाचली.

"ताई, बाईंचा आवाज माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "इथं. जसा होता तसा. मला तो बिघडवायचा नाही."

आम्ही निघालो. जिना उतरताना मला सारखं वाटत होतं की मी येऊन एका माणसाची शांती घालवली.

रविवार, सभागृहात

सकाळी नीतानं रिक्षात बसवून दिलं. सभागृहाबाहेर चहा आणि उपमा होता, आणि उपम्याच्या पातेल्याशेजारी 'गाणं सुरू झाल्यावर प्लेट वाजवू नये' अशी पाटी होती. आमच्या ग्रुपमधली माणसं भेटली. कुणी सांगलीहून आलं होतं, कुणी नाशिकहून. सगळे काकांना शोधत होते. निखिल आणि मी काही बोललो नाही. ते सांगणं आमचं नव्हतं.

अजून एक धास्ती होती. बाईंना रात्रीपासून बरं नाही, अशी कुणकुण लागली होती. कुणी म्हणे नुसती भैरवी होईल, कुणी म्हणे तीही नाही. मी डाव्या खांबाजवळ जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकली. ही खुर्ची रिकामी आहे का, असं लोक विचारायचे आणि मी नाही म्हणायची. एका आजींनी मला ऐकवलं, "कोणी येणार आहे की नुसती हौस आहे?"

तंबोरे लागायला सुरुवात झाली तेव्हा दारात काका दिसले. पांढरी शेरवानी, मागं रुबीना. काका थेट खांबाजवळ आले, माझी ओढणी उचलून घडी करून माझ्या हातात दिली आणि बसले. त्यांच्या कानात मशीन नव्हतं. पलीकडे निखिल बसला.

बाई दोघी शिष्यांच्या आधारानं मंचावर आल्या. किती लहान दिसत होत्या. तोडी सुरू झाली आणि पहिल्या काही सुरांतच मला कळलं. आवाज गेला होता. खर्ज होता, मधली सुरावट होती, पण वर जाताना आवाज चिरत होता. तार षड्जापाशी त्या पोचत, थांबत, आणि खाली येत. सभागृहात एक विचित्र शांतता होती, पडणाऱ्या माणसाकडे बघताना असते तशी. पुढच्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली.

काका मात्र सरसावून बसले होते. त्यांची नजर बाईंच्या हातावरून तबलजीच्या बोटांवर आणि परत बाईंच्या चेहऱ्यावर जात होती. उजव्या हातानं ते मांडीवर ठेका धरत होते. विलंबित एकताल, त्यात समेवर येणं माझ्यासारख्या कान शाबूत असलेल्यांनाही चकवतं. काका प्रत्येक आवर्तनाला अचूक समेवर होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मंचाकडे बघणं सोडून त्यांच्याकडेच बघू लागले. ते ऐकत होते ते गाणं फार वर्षांपूर्वीचं होतं, आणि ते कुठंही चिरलेलं नव्हतं.

ख्याल संपला, बाई पाणी प्यायल्या, वादक परत सूर मिळवू लागले. काकांनी निखिलच्या हातातला फोन घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"आवाज कसा आहे?" त्यांनी त्यांच्या परीनं हळू विचारलं. आजूबाजूच्या दोन रांगा वळून बघू लागल्या.

पूर्वीसारखाच आहे, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांनी जपून ठेवलेला आवाज तसाच राहिला असता, आणि मी अकोल्याला निघून गेले असते. निखिल माझ्याकडे नको नको अशा नजरेनं बघत होता. पण हा माणूस मला डोळ्यांत बघून विचारत होता. आदल्या दिवशीच त्यानं आपलं सगळं माझ्यापुढं उघडं केलं होतं.

मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "थकलाय काका. वरचा षड्ज लागत नाही."

फोननं लिहिलं, 'थकलाय काका. वरचा शर्ट लागत नाही.'

काकांनी वाचलं. क्षणभर त्यांना समजेना, आणि मग ते हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसू लागले. पुसत राहिले. ते हसणं कधी थांबलं आणि दुसरं काही कधी सुरू झालं, मला कळलं नाही. रुबीनानं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला दिसलं," ते म्हणाले. "वरच्या सा ला त्यांचा डावा हात वर जायचा. आज मांडीवरून उठलाच नाही. मला वाटलं, आपण खोटं सांगाल."

मग त्यांनी शेरवानीच्या खिशातून एक लहानशी डबी काढली. मशीन ते बरोबर घेऊन आले होते. रुबीनाच्या तोंडावरून दिसत होतं की हे तिलाही माहीत नव्हतं. त्यांनी ते कानात बसवलं, बसवताना त्यांचं बोट दोनदा घसरलं, आणि मंचाकडे तोंड करून ताठ बसले.

बाईंनी जौनपुरी घेतली. पहिल्या सुराला काकांनी दात दुखल्यासारखा चेहरा केला. माझा हात आपोआप पुढं झाला, काढून टाका म्हणून. त्यांनी मान हलवली. त्या मशीनमधून त्यांना काय ऐकू येत होतं ते मला कधीच कळणार नाही. पत्रा असेल, खडे असतील. पण हातानं ठेका न धरता, अगदी स्थिर बसून ते ऐकत राहिले. मंचावर बाई वर जात होत्या, अडत होत्या, आणि परत जात होत्या. मीही मग त्या न लागणाऱ्या सुराची भीती बाळगणं सोडलं आणि गाणं ऐकलं. भैरवी झाली तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, आणि बाईंना मात्र उठता येत नव्हतं म्हणून त्यांनी बसूनच हात जोडले.

परत

गाण्यानंतर पायऱ्यांवर आमचा ग्रुप जमला. काकांनी कुणाला विचारायची संधीच दिली नाही. आपल्याला ऐकू येत नाही आणि किती काळ येत नाही, हे त्यांनी त्या मोठ्या सपाट आवाजात उभ्या उभ्या सांगून टाकलं. थोडा वेळ सगळे गोंधळले. मग सांगलीहून आलेल्या एका ताईंनी त्यांच्या तोंडासमोर जाऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं की विलंबितात बाईंनी अंतरा दोनदा का घेतला. काकांनी त्यावर भर उन्हात एवढं सांगितलं की रुबीनाला छत्री उघडावी लागली.

दुपारी जेवायला आम्ही कसबा पेठेत काकांच्या घरी होतो. डाळीचा आंबटसर दालचा, भात, आणि माझा ठेचा. काकांनी ठेचा खाल्ला आणि पाणी मागितलं नाही. नीताला हे मी मुद्दाम सांगितलं.

संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले. वाटभर मी खरं बोलले ते बरं केलं की वाईट, हेच डोक्यात होतं. त्यांच्याजवळ होतं ते एकच, आणि त्याला मी धक्का लावला होता. घरी पोचले, शाळा सुरू झाली, तरी ते टोचत राहिलं. ग्रुपवर काकांनी मैफलीबद्दल काही लिहिलं नव्हतं.

मग एका सकाळी, मी शाळेच्या गडबडीत असताना, रुबीनाचा फोन आला. मी आधी काका कसे आहेत तेच विचारलं.

"तेच सांगायला फोन केला, ताई," ती म्हणाली. "आज उठल्या उठल्या अब्बांनी आपल्या हातानं मशीन लावलं. आता स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत. म्हणतात, कुकरची शिट्टी बेसूर आहे, दुसरा आणा."

मागून काकांचा आवाज येत होता. पूर्वीपेक्षा थोडा हळू वाटला. ते रुबीनाला सांगत होते की फोनवर इतक्या मोठ्यानं बोलू नये.